साहेब बाहेर आहेत

आमच्या घरमालकीणबाई दोन प्रकारची मराठी बोलायच्या. एक एरवीची, देवळा तालुक्यातली, माहेरची, मोकळीढाकळी. दुसरी फोनवरची. दिवाणखान्यातला जुना काळा फोन वाजला की त्या आधी पदर सारखा करायच्या, घसा साफ करायच्या आणि बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणायच्या, “नमस्कार. साहेब बाहेर आहेत. आपलं काय काम होतं?”

मखमलाबाद रोडवरच्या त्या बंगल्यात मी वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आलो, तेव्हा हे वाक्य रोज जिन्यातून ऐकू यायचं. साहेब म्हणजे आमच्या भागाचे बरीच वर्षं आमदार राहिलेले गृहस्थ. अशा माणसाशी ओळख असलेली बरी, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी दोनदा इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेलो. दोन्ही वेळा साहेब बाहेर होते. तिसऱ्यांदा बाईंनी मला आत बसवून पाणी दिलं. पाणी पिता पिता समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे साहेबांचा फोटो होता, फोटोला चंदनाचा हार होता आणि खाली जन्मतारखेच्या शेजारी दुसरीही एक तारीख होती. साहेब जाऊन सहा वर्षं झाली होती. माझा शर्ट मात्र कडक होता.

“मग फोनवर...?” मी चाचरत विचारलं.

“गेले म्हटलं की लोक अरेरे म्हणून फोन ठेवतात,” त्या म्हणाल्या. “बाहेर हायेत म्हटलं की काम सांगतात.”

आणि काम त्या करायच्या. फोन ठेवला की लगेच महापालिकेला लावायच्या. “साहेबांच्या घरून बोलतेय. मळ्याकडच्या गल्लीत पाणी नाही. साहेब फार नाराज आहेत.” तिकडचा अधिकारी नवा असला तरी कोणते साहेब, हे विचारायची त्याची छाती होत नसे. दुपारपर्यंत टँकर यायचा. एका मृत माणसाच्या नाराजीवर आमचा अख्खा भाग सुरळीत चालला होता.

त्यांना सगळे वहिनी म्हणत. वयानं त्या माझ्यापेक्षा लहानच असतील, पण मीही वहिनीच म्हणू लागलो. साहेबांच्या घरातल्या बाईला दुसरं काही म्हणायची त्या भागात पद्धतच नव्हती.

आता माझ्याविषयी. मी इगतपुरीला रेल्वेत होतो. निवृत्त झाल्यावर सुचण्यासारखं जे वाईट ते सगळं मला एकदम सुचलं आणि मी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली. इगतपुरीच्या पावसात हस्तलिखिताला बुरशी आली. त्यातली जिवंत म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती, असं आमच्या बायकोचं मत. मग कोरड्या हवेसाठी आम्ही नाशकात आलो. बायकोला लेकीकडे जाऊन राहणं अधिक कोरडं वाटलं, आणि वरच्या मजल्यावर मी व माझी नायिका असे दोघेच उरलो.

नायिका पेशवाईतली. एका गाजलेल्या सरदाराची गाजलेली पत्नी. नवऱ्यानं केलेल्या सगळ्या चुकांचं खापर इतिहासानं जिच्या डोक्यावर फोडलं, अशी. पडत्या काळात ती गोदावरीकाठी येऊन राहिली. माझं संशोधन म्हणजे आधीच्या लोकांनी तिच्यावर जे लिहिलं होतं ते वाचून मी त्यातली विशेषणं वाढवली होती. माझ्या बाईसाहेब दर प्रकरणात एकदा सज्जात उभ्या राहायच्या, एकदा गोदेच्या पाण्याकडे बघायच्या आणि प्रकरण संपता संपता त्यांच्या टपोऱ्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळायचा. प्रकरणं बरीच होती. पाणीटंचाईच्या दिवसांत एवढं पाणी कोणी वाया घालवलं नसेल.

वहिनींना कादंबरीचा सुगावा लागला तो माझ्या वाचनाच्या सवयीमुळे. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचायचो, कारण ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. एकदा दुपारी त्या चहा घेऊन वर आल्या आणि उभ्याउभ्याच ऐकू लागल्या. बसा म्हटलं तर बसेनात. घरात त्या कधीच बसायच्या नाहीत. जेवायच्यासुद्धा उभ्याने, ओट्याला टेकून. एवढी वर्षं घरात कार्यकर्त्यांचा राबता, कुणी कधी येईल नेम नाही, त्यामुळे ताट घेऊन बसायची सवयच मोडली होती. अंगणात पन्नासेक प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. त्या रोज सकाळी पुसून रांगेत मांडून ठेवायच्या. साहेब गेल्यापासून त्यांवर बसायला बहुतेक चिमण्याच येत.

“अहो लेखक,” प्रकरण संपल्यावर त्या म्हणाल्या. “या बाईकडं दिवसातून कोण कोण येतं?”

“म्हणजे?”

“एवढा मोठा सरदार. दारात माणसं असतील ना? आणि ही सज्जात काय करते? खाली चुलीवर कोन हाय?”

मी त्यांना करुणरस समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “रडत असंल. मी नाय म्हणत नाय. पन लोकांचं चहापानी झाल्यावर.”

हे मी मनाला लावून घेतलं नाही. सामान्य वाचकाची मर्यादा, असं स्वतःशी म्हणालो. अजून माझं एकही पुस्तक निघालेलं नव्हतं, पण वाचकांच्या मर्यादा मला तोंडपाठ होत्या.

त्याच सुमारास महापालिकेच्या निवडणुकीची आरक्षणं निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. त्या संध्याकाळी वहिनी जिना चढून वर आल्या आणि, माझा विश्वास बसला नाही, चक्क खुर्चीवर बसल्या.

“मला तिकीट पायजे,” त्या म्हणाल्या. “साहेबांची बायको म्हणून नाय. माझं मला पायजे.”

तिकीट ज्यांच्या हातात होतं ते आताचे आमदार एके काळी साहेबांची बॅग धरायचे. याच घरात जेवून मोठे झालेले. वहिनी त्यांना भेटून आल्या होत्या. त्यांनी वाकून पाया पडून पेढे दिले आणि म्हणाले, “वहिनी, आमच्या सूनबाईला उभं करतोय. तुमचा आशीर्वाद पाहिजे.” वहिनींनी आशीर्वाद दिला. पेढे माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, “तुम्ही खा. माझ्या घशाखाली उतरत नाय.”

मी खाल्ले. पेढे चांगले होते.

मग त्यांनी माझ्याशी सौदा केला. कादंबरी एव्हाना मी पदरमोड करून छापली होती, प्रकाशन व्हायचं होतं. तो समारंभ त्या घडवून आणणार, हॉल भरून दाखवणार. बदल्यात अध्यक्ष त्या, आणि अध्यक्षांचं भाषण त्या करणार. आयुष्यभर त्या स्टेजवर बसल्या होत्या. हार घेतले, समया पेटवल्या, ओट्या भरल्या. माईक मात्र कोणी कधी हातात दिला नव्हता. “एकदा लोकांनी ऐकूद्या ना मला,” त्या म्हणाल्या. “मंग तिकिटाचं बघू.”

मी लगेच हो म्हणालो. माझ्या हिशेबानं माझ्या प्रकाशनाला सात माणसं आली असती, त्यातली दोन चुकून.

निमंत्रणपत्रिका छापायला निघालो तर त्यांनी हात धरला. “गर्दी पत्रिकेनं येत नाय. आपण आधी गर्दीच्या घरी जाऊन यायचं असतं.” त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस साहेबांच्या जुन्या जीपमधून आम्ही हिंडलो. पुढची सीट साहेबांची म्हणून रिकामी, ड्रायव्हरमामा गाडी चालवणार, वहिनी मागे, आणि मी पायाशी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन. लग्नं, बारशी, वास्तुशांती, दशक्रिया, काही सोडलं नाही. माझ्या साहित्यजीवनातला सर्वांत भरीव काळ तो, कारण रोज दोन वेळा बुंदी मिळायची.

आमच्याकडे दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं होतात, हे ठाऊक असेलच. जो पुढारी येईल त्याच्या हातात माईक जातो आणि तो गेलेल्या माणसाच्या आठवणी सांगतो, ओळख असो वा नसो. रामकुंडाच्या बाजूला एका सकाळी तीन-चार मांडव लागलेले होते. वहिनींनी जीपमध्ये मला सगळं पढवलं होतं. गेलेला माणूस कांद्याचा व्यापारी, तरुणपणी पैलवान, झुपकेदार मिशा, घरात कडक पण जावयापुढे मऊ. आम्ही एका मांडवात शिरलो. वहिनी बायकांत जाऊन बसल्या. सूत्रसंचालकानं माझ्या खांद्यावरची शबनम पाहिली आणि पुकारा केला, “ज्येष्ठ साहित्यिक आपल्यात आलेले आहेत.” ज्येष्ठ साहित्यिक कोण ते बघायला मीही मागे वळलो.

मग बोलायला लागलो. गेलेल्यांचा फोटो होता, पण त्याच्यापुढे दोन पुढारी उभे होते. मी मिशांपासून सुरुवात केली. त्या मिशांना पीळ देत ते आखाड्यात उतरत तेव्हा समोरच्याचे पाय कसे लटपटत, हे सांगितलं. पलीकडे बायकांत वहिनी जोरजोरात पदर हलवत होत्या. भाषण रंगतंय म्हणून त्या उत्तेजन देताहेत असं समजून मी लंगोटापर्यंत गेलो. मांडवातले लोक एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या रांगेतले एक म्हातारे आजोबा तेवढे सारखी मान डोलवत होते.

पुढारी बाजूला झाले तेव्हा फोटो दिसला. प्राथमिक शाळेतल्या एका निवृत्त बाई त्यात माझ्याकडे बघत होत्या. मान डोलवणारे आजोबा त्यांचे यजमान.

परतताना मी जीपमध्ये तोंड लपवून बसलो होतो. “वहिनी, मांडव चुकलाय हे कळल्यावर थांबवायचं तरी!”

“कशी थांबवनार? माईक तुमच्या हातात.” आणि मग त्या इतक्या हसल्या की ड्रायव्हरमामांना गाडी बाजूला घ्यावी लागली. हसू ओसरल्यावर मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “साहेबांना पन मी असंच गाडीत सांगायचे. कोन गेलं, कसं होतं, कुनाच्या अडीनडीला धावलं. ते तिथं उभं राहून बोलायचे. लोक ढसाढसा रडायचे. म्हनायचे, साहेबांना माणूस कळतो.”

“त्यांनी कधी सांगितलं नाही, हे तुमचं म्हणून?”

“घरात सांगायचे ना. आज तुझं भाषन चांगलं झालं, म्हनायचे.” मग म्हणाल्या, “मला लय राग यायचा त्याचा. आणि लय आवडायचं पन.”

प्रकाशनाच्या दुपारी हॉल ओसंडून वाहत होता. मळ्यांतल्या बायका फुलांची तोडणी आटपून टेम्पोतून आल्या होत्या. मालेगावहून साहेबांच्या जुन्या मित्राची बेगम, सगळे तिला आपा म्हणत, ती लेकीसुनांसह आली होती. देवळ्याहून वहिनींच्या माहेरची माणसं आली होती. आमदारांना बोलावलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या होत्या, “गर्दी बोलवा, आमदार येतो.” आमदार आले. सूनबाईंना घेऊन आले. हॉलच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत वहिनींच्या पाया पडले आणि मोठ्यानं म्हणाले, “वहिनी, तुमच्यासाठी जीव हजर आहे. फक्त सांगायचं.”

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. आमदार बोलले, साहेबांवर. आमदारांसोबत आलेले तिघे बोलले, साहेबांवर. पुस्तकाचं नाव एकानं चुकीचं घेतलं आणि बाकीच्यांनी घेतलंच नाही. मग लेखकाचं मनोगत. समोर एवढी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. पुरुषांनी स्त्रीचा आवाज कसा दाबला, या विषयावर मी तब्बल पाऊण तास बोललो. हॉलच्या माणसानं वेळ संपल्याची खूण म्हणून पंखे बंद केले तरी घाम पुसत बोललो. संध्याकाळी तिथे साखरपुडा होता. फुलांच्या माळा घेऊन मांडववाले दारात येऊन उभे राहिले होते.

मी बसलो तसा सूत्रसंचालक घाईघाईनं उठला. “वेळेअभावी अध्यक्षीय भाषण होऊ शकत नाही. वहिनींचे आशीर्वाद आपल्या पाठीशी आहेतच. आता आभारप्रदर्शन.”

मी वहिनींकडे बघितलं. त्यांचा चेहरा शेणानं सारवल्यागत सपाट झाला होता. आभार मानायला छापखान्याचे मालक खिशातून कागद काढत उठत होते. त्यांच्याआधी वहिनी उठल्या.

“आभार मी मानते,” त्या म्हणाल्या. “घरच्या बाईनंच मानायचे असतात.”

 सूत्रसंचालकानं माईक दिला.

पहिली दोन वाक्यं फोनवरच्या मराठीत आली. “उपस्थित मान्यवरांचे मी मनःपूर्वक आभार मानते.” मग त्यांनी हॉलभर नजर फिरवली. पुढचं सगळं देवळ्याच्या बोलीत आलं.

“पंखेवाल्या दादांचे आभार. आता लावा परत, बाया घामाघूम झाल्या.” हॉल हसला. पंखे लागले. “मळ्यातल्या माझ्या बायांचे आभार. आज तुमची गुलछडी बाजाराला उशिरा गेली असंल. आपांचे आभार. साहेब आंदोलनात आत गेले तेव्हा मालेगावहून एसटीनं येऊन माझ्याजवळ राहिल्या, आणि त्याच्याबद्दल कधी कुठं बोलल्या नाहीत.” त्या एकेकीला नावानं हाक मारत होत्या आणि हाक मारलेली प्रत्येक बाई उभी राहत होती. मांडववाले माळा खाली ठेवून ऐकू लागले.

“साहेबांचे आभार,” त्या म्हणाल्या. “एवढी वर्षं माझी भाषनं त्यांनी लय चांगली करून दाखवली.”

 मागून देवळ्याकडची कुणी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “खरं शे व माय!” आणि बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

“या लेखकभाऊंचे आभार. एका मोठ्या घरच्या बाईवर त्यांनी चारशे पानं लिहिली. बाई चारशे पानं रडते, पन एकदा पन जेवत नाय. पुढच्या पुस्तकात तिला जेवू घाला.” माझ्या कादंबरीवर आजपर्यंत आलेलं हे एकमेव परीक्षण. त्याच्याही वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या, काय करणार?

“आणि शेवटी आमदारसाहेबांचे आभार.” आमदार हसतमुखानं ताठ बसले. “माझ्या हातचं जेवून मोठं झालेलं हे लेकरू. आत्ता पायऱ्यांवर तुम्हा सगळ्यांदेखत म्हनाले, वहिनी, फक्त सांगायचं. मी कशाला सांगू? मला काय पायजे ते त्यांना ठाऊक हाय. वॉर्डाचं तिकीट ते मला देऊ राहिले, त्याचे मी आभार मानते. सूनबाईंनी मोठं मन केलं, त्यांचे पन.”

हॉल उठून उभा राहिला. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात टाळ्या सूनबाईंनी वाजवल्या. एवढा सुटका झालेला चेहरा मी परीक्षेच्या शेवटच्या पेपरानंतरही बघितलेला नाही. आमदारांच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या, पण समोर टाळ्या वाजल्या की हात जोडायची त्यांची सवय इतकी जुनी की हात आपसूक जोडले गेले. तो नमस्कार पन्नास मोबाइलांत टिपला गेला आणि रात्रीपर्यंत जिल्हाभर फिरला.

पुढे त्यांनी मागे सरकायचा प्रयत्न केला, पण नमस्कार मागे घेता येत नाही. तिकीट वहिनींना मिळालं. त्या निवडूनही आल्या. आता फोनवर “बोलतेय” एवढंच म्हणतात. अंगणातल्या खुर्च्या कमी पडतात, म्हणून माझ्या न खपलेल्या कादंबऱ्यांचे गठ्ठे बसायला दिलेत. पुस्तकाला एवढा उठाव येईल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या मोरीतला नळ मात्र अजून गळतो. घरच्या माणसाचं काम शेवटी, असं नगरसेविकाबाईंचं म्हणणं आहे.

पण मला त्या दुपारचं जे आठवतं ते टाळ्यांनंतरचं. हॉल रिकामा झाला. मांडववाले फुलं बांधू लागले होते. वहिनी स्टेजच्या कडेला, पायरीवर बसल्या होत्या. माईक अजून त्यांच्या हातात होता, आणि हॉलचा माणूस तो मागायला येऊन दोनदा तसाच परत गेला होता. मी जाऊन शेजारी बसलो. माझ्या पाऊण तासाबद्दल काय बोलावं ते मला सुचत नव्हतं, आणि त्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं.

“लेखक,” त्या हळूच म्हणाल्या. “माझा आवाज कापत होता का हो?”

कापत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत कापत होता.

“नाही हो,” मी म्हणालो. “अजिबात नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “साहेबांचा पहिल्या सभेत असाच कापला होता. घरी येताना त्यांनी मला हेच विचारलं. मी पन असंच म्हनाले होते. नाही हो, अजिबात नाही.” त्यांनी माईक मांडीवर ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. “बरं वाटतं हो, कुनी असं म्हटलं की.”